मागचं डावं चाक

आधीच सांगतो, यात पडका बंगला नाही, अमावास्या नाही, पांढरी साडी नाही. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली रविवारची संध्याकाळ होती. वरळीपासून लालबागपर्यंत नेहमीसारखं ट्रॅफिक होतं.

गाडीत आम्ही चौघं होतो. घरी तिघं परतलो.

एवढ्यावरून तरी माना, की मी हे रंगवून सांगत नाहीये.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, विनीतची. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्याने जुना पिकअप घेतला, पुढे दोन आणि मागे दोन माणसं बसतील असा, आणि त्याला हे एवढाले जाडजूड टायर लावले. घोडपदेवच्या गल्लीत तो रणगाडा वळायला लागला की निम्मी चाळ खिडकीत यायची. हौसेला मोल नाही, दुसरं काय.

पण नव्या चाकांत कंपनीचे सेन्सर बसेनात. टायरमधली हवा उतरली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतात ना, ते सेन्सर. मग दिवा कायमचाच पेटला. वर सारखं टुं टुं.

गल्लीतल्या गंगाधर मेकॅनिकने जुगाड केलं. जुन्या चाकांतले चारही सेन्सर एका जाड प्लास्टिकच्या पाइपात घातले, आत हवा भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि पाइप मागच्या सीटखाली सारला. गाडीला वाटलं, चारही चाकांत हवा आहे. दिवा विझला. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे, चारही बत्तीस.

"गाडीला येडा बनवला ना!" गंगाधर छाती काढून सांगायचा.

त्या संध्याकाळी वरळीच्या बीडीडी चाळीतून मामेभावाची हळद उरकून निघालो. विनीत चालवत होता, डावीकडे शेजारी मी. माझ्या मागे अप्पा. विनीतच्या मागे आई. अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सगळ्यांचा जीव त्यांच्यात अडकलेला.

डिलाईल रोडला लागलो, आणि...

टुं.

पिवळा दिवा. मागचं डावं चाक, एकोणतीस.

विनीतने गाडी बाजूला घेतली. उतरून टायरला लाथ मारली. टायर दगडासारखा कडक.

"सेन्सर गंडलाय, दादा. चल."

गाडी निघाली. सव्वीस.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. "विन्या, चारही सेन्सर एकाच पाइपात आहेत ना? आत हवा एकच. मग एकाचीच कशी उतरेल?"

विनीतने हात पुढे करून एसी बंद केला...

मागच्या सीटखालून आवाज येत होता.

हवा गळते तसा नाही. गळणारी हवा एका सुरात जाते. ही जात होती... थांबत होती... परत आत येत होती.

करी रोडच्या पुलाआधी पुन्हा थांबलो. मी मागचं दार उघडून पाइप ओढून काढला. दोन्ही बुचं घट्ट. कानाला लावला. काही नाही.

परत ठेवला. दार लावलं.

...आवाज सुरू.

एकवीस.

अप्पा काचेला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. कपाळावर घाम. ते जरासे खोकले आणि माझ्या डोळ्यांदेखत एकवीसचे एकोणीस झाले. टायरचं काही नव्हतं ते. त्या सीटवरच्या माणसाची हवा उतरत होती.

"विन्या, घरी नको. परळला घे. हॉस्पिटल!"

"माका काय धाड भरली नाय! घराक चला," अप्पा उखडले.

"अप्पा, गप्प बसा!" बापावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "आई, त्यांचा हात धर."

"धरलंय रे. तेंका बघा तुमी," आई म्हणाली.

भारतमाता टॉकीजचा सिग्नल लाल. आकडा अकरा. टुं टुं टुं. विनीत हॉर्नवर हात दाबून रडत होता. मी मागे वळून नुसता अप्पांच्या तोंडाकडे बघत होतो.

हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलो, तेव्हा आकडा नव्हताच. दोन आडव्या रेघा.

...आणि सीटखालचा आवाज थांबला.

आम्ही दोघांनी अप्पांना उचलूनच आत नेलं. ईसीजी, बीपी, रक्त. डॉक्टरीणबाई शेवटी हसल्या. "काही झालेलं नाही. हळदीतलं मटण जास्त झालंय."

विनीत बाकावर मटकन बसला. मी वेड्यासारखा हसत सुटलो. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आईला सांगायला धावत बाहेर आलो.

आई गाडीतच होती. "तुमी व्हा फुडे" असं ती म्हणाली, असं मी धरून चाललो होतो. खरं तर ती काहीच म्हणाली नव्हती.

उजव्या सीटवर ताठ बसली होती. मांडीवर अप्पांची कानटोपी, नीट घडी केलेली.

"आई, अप्पा ठणठणीत आहेत गो!"

हात धरला. थंड होता.

डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही इथे पोचायच्या आधीच गेल्या.

नातेवाईक म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मीही तेच धरून बसलो असतो. पण बाराव्यानंतर गंगाधर आला. उंबऱ्याशीच थांबला.

"दादा... मोठे टायर लावायच्या आधी मी मागची चाकं अदलाबदल केली होती. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. टायर सारखे झिजावेत म्हणून करतात. गाडीला कोण सांगत बसतो? तिच्याकडे सेन्सरांची नावं जुनीच राहिली. ती ज्याला डावं म्हणत होती, ते..."



ते उजवं होतं. आईच्या बाजूचं. गाडी घसा फोडून सांगत होती, आणि आम्ही भलत्याच माणसाकडे बघत होतो.

गंगाधरने पाइप करवतीने कापला. सेन्सर हातोडीने फोडले. आता स्क्रीनवर काहीच दिसायला नको. पण तीन आकडे दिसतात. मागच्या डाव्याला दोन रेघा. असली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात तरी कशी मारणार?

मागच्या आठवड्यात दादरहून फुलं आणायला आम्ही दोघं भाऊ निघालो. सकाळची वेळ, लख्ख उजेड. नायगावपर्यंतही पोचलो नव्हतो...

टुं.

पुढचं डावं चाक. तीस.

पुढे डावीकडे मी बसतो, उजवीकडे विनीत. गंगाधरला विचारलं, पुढची चाकंही बदलली होतीस का? तो डोकं धरून बसला. म्हणाला, आठवत नाही.

दोघांनी सगळ्या तपासण्या केल्या. दोघांचंही सगळं नॉर्मल. गाडी गल्लीत उभी आहे. काल चावी फिरवून बघितली तर सत्तावीस.

आम्ही एकाच खोलीत झोपतो. विनीतला झोप लागली की मी त्याच्या छातीकडे बघत पडतो, वर येतेय ना, खाली जातेय ना.

काल माझाच डोळा लागला. दचकून जागा झालो, तर विनीत माझ्या उशाशी बसला होता.

माझ्या छातीकडे बघत.