मागे पडलेले चाळीस सेकंद

संदेश पोहोचत होते, तरी ‘कासव’ जागचं हलत नव्हतं.

‘कासव’ म्हणजे डॉ. सुनेत्रा परब यांची एकआसनी पाणबुडी. २०५८ सालच्या त्या सकाळी समुद्रतळावरची प्रवाळं मोजून त्या देवगडजवळच्या संशोधन केंद्राकडे परतत होत्या. वाटेत खडकांची अरुंद खिंड, गढूळ पाणी आणि हवा जेमतेम तासाभराची. अशा जागी किनाऱ्यावरचा संगणक क्षणाक्षणाला दिशा सांगायचा. आज पाणबुडी त्याचं ऐकेना.

नियंत्रण कक्षात त्यांची बारा वर्षांची मुलगी चैत्राली विश्राममामाच्या खुर्चीला खेटून उभी होती. मामाने केबल बदलली, नेटवर्क बंद करून पुन्हा चालू केलं. मग नुसतीच एक हाक पाठवली. पाणबुडीने लगेच ओ दिली.

“रस्ता तर मोकळा आहे,” मामा पुटपुटला. “मग अडतंय कुठे?”

“मामा, हे घड्याळ मागे का?” चैत्रालीने पडद्यावर बोट ठेवलं. शेजारशेजारच्या दोन चौकटींतल्या वेळांत चाळीस सेकंदांचा फरक होता.

मामा ताठ बसला. “शाब्बास! अगं, लिनक्स प्रणालीवरच्या या एका संगणकात चार आभासी संगणक (प्रोग्रॅमने उभे केलेले, पण स्वतंत्र असल्यासारखे वागणारे संगणक) चालतात. दिशा सांगणारा त्यांतलाच एक, आणि मागे पडलेलं घड्याळ त्याचंच. तो प्रत्येक संदेशावर पाठवल्याची वेळ घालतो. पाच सेकंदांहून जुना संदेश पाणबुडी टाकून देते, कारण शिळी दिशा तिला खडकावर नेईल. हाकेची वेळ मात्र ती तपासत नाही.”

त्याने वेळ बरोबर केली. ‘कासव’ निघालं आणि मिनिटभरातच थांबलं. घड्याळ पुन्हा सहा सेकंद मागे!

चैत्रालीने पाणबुडीत उरलेल्या हवेचा आकडा पाहिला. तेवढ्यात स्पीकरवर आईचा आवाज आला, “चैतू, मी ठीक आहे. मामाला शांतपणे शोधू दे.”

“हे मागे पडतंच का पण?” चैत्रालीने विचारलं.

“यजमान (आभासी संगणकांना सामावणारा खरा संगणक) त्याला ठरावीक अंतराने ठोके देतो. ते मोजून तो वेळ ठरवतो. आत्ता यजमान देवमाशांच्या आवाजांचा अभ्यास करण्यात गढलाय. त्यामुळे याची पाळी हुकते आणि ठोके निसटतात.”

“म्हणजे मला डुलकी लागली आणि टोले मोजायचे राहिले, तसं?”

“अगदी तसं!”

“मग मोजायचेच कशाला? सरळ यजमानाचं घड्याळ बघायचं!”

मामा हसला. “तशी सोय आहे. आम्ही ती लावायची विसरलो.”

त्याने देवमाशांचं काम थांबवलं, आभासी संगणकाला यजमानाचं घड्याळ वाचायला लावलं आणि वेळ जुळवली. एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली. दोन्ही घड्याळं बरोबरीने चालत होती. पडद्यावरचा हिरवा ठिपका खिंडीतून वळणं घेत बाहेर पडला.

अर्ध्या तासाने आई ओल्या केसांनी आत आली. चैत्रालीने तिला घट्ट मिठी मारली, आणि मग लगेच विचारलं, “पुढच्या महिन्यात तुमच्या तीन पाणबुड्या एकदम जाणार ना? त्या कोणाच्या घड्याळावर चालणार?”

आईने मामाकडे पाहिलं.

“अजून ठरलेलं नाही,” आई म्हणाली आणि तिने तिसरी खुर्ची पुढे ओढली. “बस. तिघं मिळून ठरवू.”