पुलावरचा शिपाई

धुक्यातून तिचा घोडेस्वार पुढे आला, आणि पुलाच्या पलीकडे एक शिपाई उभा दिसला.

खेळाचा अकरावा दिवस होता. नकाशा अजून धुक्यात होता. आपला माणूस जिथवर चालत जाईल तेवढंच जग उजळायचं. दहा दिवसांत तिला डोंगर, नदी आणि हरणांखेरीज कोणी भेटलं नव्हतं. आणि आज हा... निळा झगा, हातात भाला, आणि भाल्यालाही लाजवील असं बारीक अंग.

तिनं मेणानं माखलेली बोटं पुसली आणि मोबाईलवर लिहिलं, "पुलापलीकडे कोण?"

थोड्या वेळानं उत्तर आलं. "मी. आधी आलोय, म्हणजे पूल माझा."

"पूल नदीचा असतो."

"बरं... मग अर्धा अर्धा?"

ती हसली. हसताना सवयीनं हात तोंडावर गेला, जवळपास कोणी नव्हतं तरी.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे, आणि ही स्पिरिटच्या दिव्यावर गुलाबी मेण नरम करून त्यात एकेक दात बसवायची. तिच्या हातची कवळी घातली की माणूस आपोआप हसरा दिसतो, असं मालक म्हणायचे. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं होतं. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिचा स्वतःचा पुढचा दात तिरपा तुटला होता. शेकडो लोकांच्या बत्तिशा घडवल्या, पण आपल्या तोंडाचं माप कोणाला घेऊ द्यायचं म्हटलं की लाज आडवी यायची. फोटोत ओठ मिटलेले, बोलताना मान खाली.

खेळात मात्र तोंड दिसत नाही. तिथं तिनं मुद्दाम नाव घेतलं होतं — पटाशी.

खेळ असा, की चौघांनी चार राज्यं वसवायची. दगडाच्या हत्यारांपासून सुरुवात करायची, शेती, रस्ते, शाळा, जहाजं करत करत शेवटी आभाळाला टेकणारा मनोरा बांधायचा. ज्याचा मनोरा आधी पुरा, तो जिंकला. दिवसाला प्रत्येकाची एकच खेळी. आपली झाली की पुढच्याकडे सोपवायची. घाई नाही, गडबड नाही. खेळ चालवणाऱ्या आणि स्वतःही खेळणाऱ्या गृहस्थांना सगळे मुकादम म्हणत. त्यांचा नियम एकच, पण दगडावरची रेघ — कोणी कोणाला नाव, गाव, धंदा विचारायचा नाही. खेळ संपला की गप्पांची खोली बंद, आणि पुढच्या खेळाला नवी माणसं. चौथ्या होत्या काकू. बोलायला साखर, आणि 'बाळांनो' म्हणत म्हणत शेजाऱ्याच्या शेतात हत्ती घालायच्या.

आणि पुलापलीकडचा तो, त्याचं नाव जिना.

पटाशीची खेळी दुपारच्या सुट्टीत असायची. तिच्यानंतर लगेच जिन्याची. मग डबा खाता खाता बोलणं व्हायचं. सुरुवातीला पुलाचं, मग पिकांचं, मग कशाचंही.

"तुमच्या गावांना नावं कसली दिलीत हो?" त्यानं एकदा विचारलं. "अक्कलदाढ? सुळा? तुमच्या राज्यात यायचं म्हणजे चावून घ्यायचं की काय?"

"आणि तुमची? तळमजला, पहिला मजला, गच्ची... राज्य आहे की इमारत?"

"दिवसभर लिफ्ट—" एवढंच लिहून त्यानं पुसलं. पण तिनं वाचलं होतं.

"नियम मोडलात."

"मोडला कुठे? वाकवला... आता कळलंच आहे तर सांगतो, दिवसभर लिफ्टच्या पोटात डोकं घालून बसलं की उतरताना जिनाच गोड लागतो."

त्या दुपारी तिनं एका कवळीत दोन दात उलटे बसवले आणि मालकांनी चष्म्यावरून बघितलं. काचेवर भुरभुर पाऊस होता. मेणाचा वास रोजचाच, पण आज तो कुठूनतरी लांबून, फुलांवरून आल्यासारखा वाटत होता.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मावशीला मात्र कळलं. आईवडिलांमागं तिनंच हिला वाढवलेलं. तिच्या तोंडातली कवळीही हिच्याच हातची.

"राणीसरकार," मावशी स्वयंपाकघरातून म्हणायची, "राज्य सांभाळून झालं असेल तर कुकरकडे बघा. तीन शिट्ट्या झाल्या. शेजारच्या राजाच्या नव्हेत, कुकरच्या."

"मावशी!"

"मावशी काय? माझे दात तुझे आहेत, डोळे माझेच आहेत."

सगळं गोड होतं, पण एक सल होता. तो शिपाई. दोनशे दिवस झाले, जिन्याच्या राज्यात तोफा आल्या, विमानं आली, पण भालेवाला तो एक शिपाई पुलावरून हलला नाही. तोंड तिच्या राज्याकडे. 'एवढं बोलतो, पण भरवसा नाही,' असं तिच्या मनात यायचं. तिचा घोडेस्वारही अलीकडे उभाच होता. पण त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते ती कोणाला सांगणार नव्हती.

मग मनोऱ्यांचे दिवस आले. एका दुपारी तिनं पाहिलं, तिच्या मनोऱ्याचा एकच मजला उरला होता. उद्याची खेळी केली की जिंकली. लॅबमधली पोरगी, मुकादमांच्या खेळात पहिली!

पण जिंकली म्हणजे खेळ संपला. खोली बंद. दुपारी दीड वाजता डबा उघडायचा आणि समोर कोणी नाही...

तिनं वरचा मजला पाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी खेळात बातमी झळकली. जिन्याच्या मनोऱ्याचाही वरचा मजला पडला होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही चढले. चौथ्या दिवशी पुन्हा दोन्ही उतरले.

मुकादम वैतागले. "अहो, तुम्ही दोघं बांधताय की पाडताय? सत्तावीस वर्षं शाळा चालवली, पण पेपर कोरा देण्याची अशी चढाओढ पाहिली नाही!"

"असू दे हो, मुकादम," काकूंनी लिहिलं. "बाळांचं चालू दे पाडकाम. माझा शेवटचा मजला आज चढतोय. आजची फेरी शेवटची हं, बाळांनो."

आता पाडून उपयोग नव्हता. आज तिची एक खेळी, मग जिन्याची, मग मुकादमांची, की संपलं. समोर डबा तसाच राहिला. एवढ्या दिवसांत जे विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"एक सांगशील? तो शिपाई माझ्यावर पहारा का देतो?"

जिन्याचं उत्तर आलं.

"पहारा नाही गं. तुला माहितीये, शिपायाला एकदा 'झोप' म्हटलं की खेळ त्याचं पुन्हा नाव काढत नाही. आणि झोपवलं नाही, तर खेळ रोज विचारतो, याचं काय करू?"

"माहितीये."

"मी त्याला एकदाही झोपवलं नाही. दोनशे दिवस रोज विचारलं, आणि रोज सांगितलं — थांब. तिथं तू भेटलीस ना... म्हणून."

तिच्या डोळ्यांसमोरची अक्षरं हलायला लागली. कारण तिच्या घोडेस्वारालाही तिनं कधी झोपवलं नव्हतं. आजही, आत्ता, पडद्याच्या कोपऱ्यात खेळ विचारत होता, याचं काय करू?

तिनं लिहिलं. "माझा पुढचा दात तुटका आहे."

"मी विचारलं नव्हतं... पण नोंद घेतली."

"हसू नकोस."

"हसलो नाही. आता कळलं, पटाशी कुठली ते. पण गाव कुठलं, ते कसं कळणार? विचारायचं नाही ना."

विचारायचं नाही, सांगायचं नाही. मुकादम खोलीतला शब्द न् शब्द वाचत. तिनं खेळाकडे पाहिलं. तिच्याकडे एक टोळी उरली होती, नवं गाव वसवण्यापुरती. ती टोळी तिनं पुलापाशी आणली, आणि शिपायाच्या समोर, घोडेस्वाराच्या बाजूला, गाव वसवलं. खेळानं विचारलं, गावाचं नाव?

आजवर दातांची नावं दिली होती. आज तिनं आपल्या खऱ्या गावाचं नाव लिहिलं. त्यापुढं — पूल. रविवार. सकाळी आठ. चौकट भरली. तिनं बटण दाबलं.

खेळी त्याच्याकडे गेली. एक मिनिट. दोन. पाच. मग पुलाच्या पलीकडच्या तीरावर नवं गाव उगवलं. त्याचं नाव होतं — येतो.

तेवढ्यात मुकादमांची खेळी आली.

"मी सगळं पाहिलं," मुकादमांनी लिहिलं. "नियम पुन्हा वाचला. विचारायचं नाही, असं आहे. गावाला नाव काय द्यावं, याबद्दल माझ्या नियमांत काही नाही. ही माझी चूक. पुढच्या खेळात सुधारीन... किंवा नाही सुधारणार. काकू, करा पुरा मनोरा."

"करते की," काकू म्हणाल्या. "आणि बाळांनो, मजले पाडायचं खूळ संसारात नेऊ नका."

खोली बंद झाली.

रविवारी सकाळी नदीवर इतकं धुकं होतं, की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. निघताना मावशीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, "तोंड झाकशील तर याद राख. माझ्यासारख्या बोळकीला हसायला शिकवलंस तू."

माणसं धुक्यातून येत होती, धुक्यात जात होती. दूधवाला, सायकली, पळायला निघालेल्या दोन बायका. त्याचा चेहरा तिला माहीत नव्हता. ओळखायचं कसं? मग तिच्या ध्यानात आलं, पुलावर सगळेच चालत असतात. जो थांबला असेल, तो तो.

ती एकेक पाऊल टाकत गेली, आणि पावलागणिक तेवढंच जग उजळत गेलं. कठडा... दिव्याचा खांब... आणि मग पुलाच्या अगदी मधोमध, कठड्याला न टेकता, निळा स्वेटर घातलेला एक काटकुळा माणूस. ताठ उभा, तिच्या बाजूला तोंड करून.

ती चार पावलांवर आली.

"किती वेळ झाला?" तिनं विचारलं.

"आज की एकूण?"

आणि तिला हसू आलं. हात सवयीनं वर निघाला... अर्ध्यावर आला... आणि त्यानं तो हवेतच धरला.

"थांब," तो म्हणाला.

मग ती तशीच हसली, तुटक्या दातासकट, आणि तो बघत राहिला.