कोरडा ठेवलेला स्क्रू

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

काउंटरपलीकडच्या माणसानं ओली छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मीच... म्हणजे, सहज उघडायला गेलो."

"सहज?" तिनं रिमोटवर चालणारा तो ट्रक उलटा करून दिव्याखाली धरला. पोटाला चार स्क्रू, आणि चारींच्याही डोक्यातली षटकोनी खाच घासून पार गोल झालेली. "अहो, याला सहज म्हणत नाहीत, छळ म्हणतात. कुठली ॲलन की वापरलीत, दाखवा बघू."

त्यानं अपराध्यासारखा खिशातून किल्ल्यांचा जुना जुडगा काढला. तिनं एकच नजर टाकली. "ही इंचातली. तुमचे स्क्रू मिलिमीटरमधले, अडीचचे."

"पण बसली होती की!"

"बसली नव्हती, बसल्यासारखी वाटली होती. अजिबात न बसणारी की कधी नुकसान करत नाही. जवळजवळ बसणारी करते."

"हे आपण स्क्रूंबद्दलच बोलतोय ना?" त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं, की गल्ल्यावर बसलेले मामा खोकल्याचं निमित्त करून हसले.

दुकान मामांचं. पुढे रिमोटच्या गाड्या, बोटी, टायरांची पाकिटं, आणि मागे खिडकीखाली तिचं दुरुस्तीचं टेबल. शाळेच्या सुट्टीत मामांकडे यायची ती कधी इथलीच होऊन गेली ते दोघांनाही आठवत नव्हतं. अंबाड्यात काटा खोचावा तशी ती दीड मिलिमीटरची की केसांत खोचून ठेवायची, म्हणून मामा तिला 'दीडशहाणी' म्हणत. तिला ते आवडायचं. आपल्या हातून गेलेलं काम दुरुस्तीला परत येत नाही, हा तिचा तोरा होता आणि तो खराही होता.

तिनं सोल्डरिंग गनच्या तापत्या टोकानं एकेक स्क्रू तापवला, गोल झालेल्या खाचेत किंचित मोठं, चांदणीच्या आकाराचं टोक हलकेच ठोकलं आणि चारही स्क्रू सुखरूप बाहेर काढले. तो सगळा वेळ तळहातावर हनुवटी टेकून बघत होता.

"तुम्ही काय करता?" तिनं मान वर न करता विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात असतो. नंबर काढतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम."

"आणि दिसतं काय?"

"आजवर तरी नंबरच दिसत होता..." तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. आपण असं काही बोलू शकतो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं.

मग तो येतच राहिला. कधी चाकाचा नट सैल झाला म्हणून, कधी मागच्या एक्सलमधून 'कसलासा' आवाज येतो म्हणून. तो आवाज दुकानात आला की गप्प व्हायचा. एकदा तर ट्रकच्या टपाची पिन हरवली म्हणून आला, आणि ती पिन त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती. दोघांनीही ती पाहिली नाही.

"इंचवाल्याचा ट्रक आहे की म्हातारी सासू?" मामा म्हणाले. "रोज कुठे ना कुठे दुखतंच!"

"मामा, पुरे हं."

"मी कुठे काय म्हणतोय? मी फक्त म्हणतो, चहाची दोन भांडी जास्त विसळावी लागतात."

ती रागावल्यासारखं करायची. पण तो यायच्या वेळेला खिडकीच्या काचेत बघून केस सारखे करायची, आणि मग स्वतःवरच चिडून टेबलावरचे स्क्रू उगाच नव्यानं वेगळे करायची, अडीचचे अडीचमध्ये, दोनचे दोनमध्ये.

एका दुपारी तो म्हणाला, "आता एकदा सगळं उघडून नीट बसवून द्या. हे शेवटचं. बाबांना चालवून दाखवायचाय. त्यांचाच आहे हा."

"काय करतात बाबा?"

"सध्या घरीच असतात." तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिला वाटलं, निवृत्त झाले असतील. तिनं पुढे विचारलं नाही, कारण ती त्या आधीच्याच शब्दाला अडखळली होती. शेवटचं...?

संध्याकाळपर्यंत ट्रक जोडून झाला. राहिलं होतं ते मोटारीच्या दांड्यावरचं चिमुकलं दातेरी चाक. ते एका बिनडोक्याच्या बारीक स्क्रूवर धरलेलं असतं. लोखंडात लोखंड, चालताना थरथर होते आणि स्क्रू आपोआप सुटत जातो. म्हणून त्यावर निळ्या औषधाचा एक थेंब लावायचा, की तो वाळून स्क्रूला घट्ट धरतो. हे तिनं किती वेळा केलं असेल! झोपेतही चुकणार नाही असं काम.

तिनं बाटली उचलली... आणि थांबली.

आठ-दहा दिवस चालेल, मग स्क्रू सुटेल. मोटार नुसतीच घुरघुरेल, चाकं हलायची नाहीत. मोडणार काहीच नाही. तो पुन्हा येईल, मी पाच मिनिटांत नीट करून देईन, आणि तेव्हा मात्र बोलेन. 'अहो, बिघाड नसला तरी येत जा,' असं हसत हसत म्हणेन. मनात मांडे भाजत तिनं तो स्क्रू कोरडाच आवळला आणि बाटलीचं झाकण लावून टाकलं. गाल तेवढे तापले होते.

तो ट्रक घेऊन दाराशी घुटमळला. "बरं... येतो मग."

"या."

आठवडा गेला, दुसरा गेला. मामांनी चहाच्या भांड्यांचा विनोद करणं सोडून दिलं.

मग एकदा भर दुपारी तो आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, ट्रक काखेत. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाबा गेले."

मामा गल्ल्यावरून उठून आले, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि चहा आणायला गेले.

"आजारी होतेच," तो सांगू लागला. "किती दिवस ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. इथे बोललो नाही... इथे आलं की तेवढा वेळ विसरता यायचं. त्यांना एकच हवं होतं, ट्रक पुन्हा चालताना बघायचा. शेजारी बांधकाम चाललंय, तिथे वाळूचा ढीग आहे. मी आधी रोज सराव केला, म्हटलं ऐनवेळी फजिती नको. मग त्यांची खुर्ची खिडकीशी नेली. ट्रक अर्धा ढीग चढला, आणि थांबला. मोटार घुरघुरतेय, चाकं ढिम्म. बाबा म्हणाले, असू दे रे, उद्या बघू. सकाळी ते नव्हते."

ती टेबलाची कड धरून उभी होती.

"माझ्याच हाताला यश नाही," तो म्हणाला. "आदल्या दिवशी मी टायर बदलले, तेव्हाच काहीतरी बिघडवलं असणार. तुम्ही दिलात तसा ठेवला असता तर... सारखं तेच डोक्यात येतं. झोप लागत नाही. इथे बसलो की बरं वाटेल असं वाटलं. बसू ना थोडा वेळ?"

नुसतं 'बसा' म्हटलं असतं, तर तो बसला असता. उद्याही आला असता, परवाही. जे हवं म्हणून तिनं तो उद्योग केला होता, ते आपल्या पायांनी चालत समोर आलं होतं. त्यासाठी एवढंच करायचं होतं, की मूग गिळून गप्प बसायचं, आणि त्याला जन्मभर स्वतःला दोष देऊ द्यायचा.

"तुमची चूक नाही ती," ती म्हणाली.

"तुम्ही असं म्हणणारच."

"नाही, ऐका. टायर बदलून असं होत नाही. मोटारीवरच्या चाकाचा स्क्रू सुटला. त्याला औषध लावायचं असतं. मी लावलं नव्हतं."

त्यानं तिच्याकडे बघितलं. दमलेले डोळे, तरी त्यांत मायाच होती. "विसरलात. होतं असं. माणूसच आहे."

केवढी मोठी वाट करून दिली त्यानं! तिनं फक्त मान हलवायची होती.

"विसरले नाही. बाटली हातात होती माझ्या. मुद्दाम नाही लावलं."

"मुद्दाम...? का?"

"सुटला की तुम्ही परत याल म्हणून." ती बाटलीकडे बघत म्हणाली. "तुम्ही यावंत असं मला रोज वाटायचं. पण ते सांगायचं धाडस झालं नाही... आणि हे झालं."

दुकानाच्या पुढच्या भागात कुणीतरी टायरांचा भाव विचारत होतं. त्यानं हातातल्या ट्रकचं एक चाक बोटानं हळूच फिरवलं. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"अगं," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला कधी अगं म्हटलं नव्हतं. "मी तसाही येणारच होतो."

एवढंच बोलून तो उठला. ट्रक छातीशी धरून काउंटरला वळसा घालून बाहेर गेला. तिनं "थांबा" म्हटलं, पण ते तिला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही.

मामा चहाचे तीन कप घेऊन आले. रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाले, "गेला? चहासुद्धा न घेता? येईल म्हणा उद्या."

"नाही मामा," ती म्हणाली. "आता नाही यायचा." आणि मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून ती लहान मुलीसारखी रडली.