भाकरी फुगते, शेगडी तडकते

नवी कोरी शेगडी पहिल्याच दिवशी तडकली, आणि तडकली म्हणजे कशी, वरपासून खालपर्यंत बोट जाईल एवढी भेग. आता बोला.

बरं, ती काही साधीसुधी शेगडी नव्हती. हिमालयात उंचावर बियाण्यांचं एक संशोधन केंद्र होतं आणि शाल्मलीची आई तिथली प्रमुख होती. वीज मोजकीच मिळायची. म्हणून शाल्मलीच्या आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, उष्मासंचयी शेगडी (उष्णता साठवून ठेवणारी विटांची मोठी शेगडी) बांधायला घेतली. आबा पदार्थवैज्ञानिक, आणि मदतीला गवंडीकाम करणारा यंत्रमानव ठोकळा. शेगडीची युक्ती मोठी झकास होती. दिवसातून एकदाच दणदणीत जाळ करायचा. धूर थेट धुराड्यात न जाता विटांमधल्या नागमोडी वाटेनं फिरतो आणि जाता जाता आपली उष्णता विटांना देतो. जाळ विझला तरी विटा दुसऱ्या सकाळपर्यंत घर उबदार ठेवतात.

शेगडी चालली नाही तर मात्र आई हिवाळाभर इथेच राहणार आणि शाल्मलीची रवानगी खाली वसतिगृहात होणार. बर्फानं खिंड बंद व्हायच्या आधीची शेवटची गाडी तिला नेणार होती. तिची पत्र्याची ट्रंकसुद्धा भरून ठेवली होती. ती दिसली की शाल्मली तोंड फिरवायची.

केंद्रातली सगळी मंडळी मराठी मुलखातली. नव्या चुलीवर दूध उतू घालायचं, तेही मुहूर्तावर, हे ठरलेलंच. आदल्या दिवशी बांधकाम संपलं आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्त गाठायचा म्हणून सगळ्यांनी शेगडीत लाकडं कोंबली. दूध उतू गेलं, टाळ्या पडल्या आणि पाठोपाठ आवाज आला, तड्ड!

आबा डोक्याला हात लावून बसले. पाया भक्कम होता. एवढा भार जमीन पेलेल का, हेही त्यांनी आधी तपासलं होतं. बाहेरच्या गार भिंतीला टेकवून ऊब वाया घालवायला नको, म्हणून शेगडी घराच्या मधोमध बांधली होती. मग माशी शिंकली कुठं?

दुसऱ्या दिवशी आबा जुन्या चुलीवर भाकऱ्या करत होते. भाकऱ्या फक्कड करायचे हो आबा! तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली भाकरी टम्म फुगली आणि शाल्मलीनं विचारलं, ही फुगते कशानं? आबा म्हणाले, पिठातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते.

शाल्मलीनं शेगडीकडे पाहिलं. "आबा, आपल्या विटांमधला चिखल वाळला होता का?"

आबांचा हात थांबला. "नव्हता गं पोरी. भाकरी मऊ, म्हणून फुगली. भिंत कडक, ती फुटली."

पण आबा पक्के वैज्ञानिक. एका कारणावर त्यांचं समाधान होईना. त्यांनी ठोकळ्याला बांधकाम करताना टिपलेली चित्रं दाखवायला सांगितली. शेगडीची आतली भिंत आणि बाहेरची भिंत यांच्यात ठोकळ्यानं फट ठेवलेली स्पष्ट दिसत होती. प्रत्यक्ष शेगडीत मात्र फट नव्हती! मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. ठोकळा चार्जिंगला लागलेला असताना, फट उघडी दिसली तर लोक नावं ठेवतील म्हणून त्यांनीच ती चिखलानं लिंपून गुळगुळीत केली होती, आणि थापी होती खुद्द आबांच्या हातात.

आबांनी लोणच्याची घट्ट बसलेली बरणी आणली आणि तिच्या पत्र्याच्या झाकणावर गरम पाणी सोडलं. झाकण चटकन फिरलं. ते म्हणाले, याला प्रसरण (तापल्यावर वस्तू पसरणं) म्हणतात. शेगडीची आतली भिंत तापून पसरते, बाहेरची तेवढी तापत नाही. मध्ये जागा नसली की आतली बाहेरचीला ढकलते.

झालं, पुन्हा बांधकाम सुरू. या वेळी दोन भिंतींमध्ये जाड पुठ्ठा ठेवला. तो पुढे उष्णतेनं जळून जातो आणि फट तेवढी राहते. मग रोज फक्त काटक्यांचा लहानसा जाळ, जेणेकरून ओल सावकाश निघावी. शाल्मली रोज शेगडीच्या तोंडाशी गार स्टीलची थाळी धरायची. थाळीवर दव धरलं की समजायचं, आत अजून पाणी आहे.

शेवटची गाडी येऊन उभी राहिली. उद्या सकाळी ती निघणार. चालकानं ट्रंक टपावर बांधून टाकली. शाल्मलीनं थाळी धरली, तर अजून पुसटसं दव! आबांचा धीर सुटला. ते म्हणाले, एवढ्यानं काय होतंय, टाकू या लाकडं.

शाल्मलीचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. "नाही आबा. घाई केली की पुन्हा तडकेल. मग मी राहूनही उपयोग नाही, तुम्ही सगळे गारठाल."

दिवसभर काटक्याच जळल्या. ऊन कलल्यावर तिनं पुन्हा थाळी धरली. थाळी कोरडी ठाक! मग मात्र लाकडं पडली आणि जाळ भरारला. सगळे कान देऊन बसले. शेगडीनं हूं की चूं केलं नाही.

उजाडलं तेव्हा बाहेर बादलीतलं पाणी गोठलं होतं आणि शेगडीत नुसती राख होती. आईनं शेगडीच्या भिंतीला तळहात लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग ती दाराशी जाऊन चालकाला म्हणाली, "ट्रंक उतरवा."

शाल्मलीनं अशी उडी मारली की ठोकळाही दचकून मागे सरला. आबांनी नात उचलून घेतली आणि ते म्हणाले, चंद्रावरची रात्र आपल्या दोन आठवड्यांएवढी असते. उद्या तिथंही कुणी दगडांत दिवसाची ऊब साठवेल. शाल्मलीनं बजावलं, फट ठेवा म्हणावं.

मग पुन्हा दूध उतू घातलं, या वेळी मुहूर्त थाळीनं काढलेला. त्याच थाळीत आबांनी गरम भाकरी वाढली.