टेसचा मुक्काम

मार्लीन क्रूगर दूध ओतायच्या आधी वास घेऊन बघायची, मग ते सकाळीच आणलेलं का असेना. कुणी फार गोड बोललं, की याला आपल्याकडून काय हवंय हा प्रश्न तिच्या मनात आधी यायचा. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून हा स्वभाव बळावला होता. त्यामुळे आजवर आपलं कुणी काही लुबाडलं नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती वाचनालयात टॅक्सचे कागद घेऊन बसली होती. सरोवरावरून आलेल्या बर्फात बाहेरच्या गाड्या अर्ध्या बुडाल्या होत्या. तिचे शाळेतले गणिताचे शिक्षक ऑर्विल सर निवृत्तीनंतर इथे लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देत. मार्लीनची मुलगी टेस वेल्डिंगच्या शाळेत शिकत होती. तिच्या फीवर करात सवलत मिळाली तर पुढचं सत्र होणार होतं, नाहीतर शिक्षण इथेच थांबणार होतं.

सरांनी विवरण पाठवलं. दोघांची कॉफी संपायच्या आत ते नाकारून परत आलं.

"टेस स्वतःवर अवलंबून आहे असं आधीच दुसऱ्या कुणीतरी विवरणात दाखवलंय," सर पडद्याकडे बघत म्हणाले.

"कुणीतरी कशाला? क्लेटनच असणार."

क्लेटनशी झालेल्या घटस्फोटात ठरलं होतं, करासाठी सम वर्षी टेस बापाची आणि विषम वर्षी आईची. यंदाचं वर्ष मार्लीनचं होतं. सर म्हणाले, तुमचं आपापसात काहीही ठरलेलं असो, मूल जास्त रात्री ज्याच्या घरी झोपलं, करखात्याच्या लेखी ते त्याचं. मार्लीन म्हणाली, मग वादच मिटला. तरी पुरावा हवाच, शाळेकडून फीचा आणि पत्त्याचा दाखला घेऊन ये, असं सरांनी बजावलं.

गाडीत बसल्याबसल्या तिने क्लेटनला फोन लावला आणि नमस्कारचमत्कार न करता त्याला झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी अजून भरलेलंच नाही गं," तो म्हणाला. "आणि पोरगी वर्षभरात माझ्याकडे एकदा तरी राहिलीय का? तू आधी तिला विचार."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. क्लेटनची लबाडी ती झोपेतही ओळखली असती. म्हणूनच तिला जास्त अस्वस्थ वाटलं.

टेसला विचारायचं, पण कधी? मार्लीन इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, उजाडायच्या आत निघायची. टेस शाळेनंतर पिझ्झाच्या दुकानात राबायची, मार्लीन झोपल्यावर घरी यायची. पहाटे मार्लीन खोलीत डोकावायची, तेव्हा डोक्यावरून पांघरूण घेऊन, दाराकडे पाठ करून टेस झोपलेली असायची. डबा दाराशी ठेवला की दुपारी धुतलेला सापडायचा. गेले कित्येक महिने मायलेकींचं एवढ्यावरच भागत होतं.

सोमवारी कामावरून ती थेट शाळेत गेली. कचेरीतली बाई तिला बघून हसली.

"दाखला शुक्रवारीच नेलात की तुम्ही. सगळ्यांना डोनट्स पण आणले होते. हरवला का?"

मार्लीनने जन्मात परक्यांसाठी डोनट्स आणले नव्हते.

"मी आले होते? नक्की मीच?"

"हाच कोट होता," बाई म्हणाली. मग जरा निरखून बघत म्हणाली, "आज दमलेल्या दिसता पण."

मार्लीन कार्यशाळेत गेली. तापल्या लोखंडाचा वास भरून राहिला होता. तास संपला होता, टेस एकटीच हातमोजे काढत होती. उजेडात तिचा चेहरा इतक्या दिवसांनी बघताना मार्लीनला भरून आलं. पोरगी अंगाने भरली होती, गालांवर रंग आला होता. आपल्या डब्यातल्या सँडविचवर एवढी तब्येत सुधारते, हे तिला खरं वाटेना.

"टेस, तू रात्री कुठे झोपतेस?"

"घरी. कुठे म्हणजे?"

"मी रोज पहाटे बघते तुला खोलीत. वरच्या."

टेस गोंधळली. "वरच्या? आई, ते घर आपण ऑक्टोबरातच सोडलं. तू अजून तिकडे जातेस?"

बाहेर दोनदा हॉर्न वाजला.

"आले गं, आई," टेस सवयीने दाराकडे बघून ओरडली.

मग तिची मान हळूहळू वळली.

ती मार्लीनकडे बघत एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक. पाठीने दार ढकलून ती बाहेर पडली. मार्लीन खिडकीपासून दोन हातांवर उभी होती, पण बाहेर बघायचा तिला धीर झाला नाही. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग मार्लीनचा स्वतःचाच आवाज आला, तिने कित्येक वर्षांत काढला नव्हता इतका मायेचा.

"गारठलीस का गं?"

गाडी निघून गेली.

घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं. दारापुढच्या ताज्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. वरच्या खोलीत दिवा होता.

मार्लीनला भीती वाटली. त्याहून जास्त भीती वाटली ती दिवा विझेल याची.

ती आत गेली, दार लावून घेतलं आणि जिन्याच्या खालच्या पायरीशी थांबली. जन्मभर सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या मार्लीनने या वेळी एकच विचारला.

"सूप गरम करू?"

वर पलंग करकरला.

"कर," टेसच्या आवाजात उत्तर आलं. "पण दाराशीच ठेव. आत येऊ नकोस."