हिरव्या साडीतला फोटो

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ही माझ्या सख्ख्या मावशीवर गुदरलेली गोष्ट आहे, आणि ती आजही बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहते.

साल १९९६. दसरा नुकताच झाला होता. जागा म्हणजे वांगणीचं एक रिकामं फार्महाउस. आणि रात्र वगैरे काही नव्हती...

भरदुपार होती.

शालनमावशी ब्लाउज शिवायची. मीनल नावाची मुंबईची एक फोटोवाली तिच्याकडून कपडे शिवून घ्यायची. बायकांना नवरी, बाळंतीण, विधवा असं सजवायचं, फोटो काढायचे आणि मोठ्या गॅलरीत लावायचे, हे तिचं काम. तिला मावशीचा चेहरा आवडला.

मावशीचा एकटीचा असा एकही फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोतसुद्धा अर्धं तोंड सासूच्या आड. हौसेला मोल नसतं. ती हरखून गेली.

"कसला फोटो, ते तरी विचारलंस का?" अनंताकाका, म्हणजे तिचे यजमान, म्हणाले.

"नवरीचा असेल, दुसरा कसला?"

वांगणीला गेल्यावर कळलं. अहेवपणी मेलेल्या बाईचा फोटो होता. मीनलने तिला हिरवी साडी नेसवली, टिकली काढून कपाळ कोरं केलं. मळवट नंतर भरायचा होता.

"ताई, फक्त पडून राहायचं. मग एक छान फोटो काढते, खास तुमच्यासाठी."

नवरा घरी धडधाकट असताना जिवंत बाईला असं सांगायला हिची जीभ कशी रेटली? मला अजून संताप येतो. पण मावशी भिडस्त. चटईवर आडवी झाली, डोळे मिटले.

सवाष्ण गेली की आळीतल्या बायका येऊन तिला हळदकुंकू लावतात, ओटी भरतात, तोंडात विडा ठेवतात. तुम्हाला ठाऊक असेलच.

थोड्या वेळाने बांगड्या वाजल्या...

कपाळावर एक बोट टेकलं.

मावशीला वाटलं, गावातल्या बायका बोलावल्या असतील.

दुसरं बोट. तिसरं. गार, ओलं, बुळबुळीत... कपाटामागे उंदीर मरून पडला की येतो ना, तसा वास.

पोटावर ओंजळभर काहीतरी पडलं.

मग ओठांवर काहीतरी दाबलं गेलं. दाबतच राहिलं. शेवटी दात उघडले आणि विडा आत आला...

कोमट.

कुणीतरी आधी चघळलेला.

मावशी थुंकत उठली. खोलीत कुणी नव्हतं. पार दाराशी, कॅमेऱ्यामागे, एकटी मीनल.

"हलू नका ना, ताई! मळवट काय मस्त झालाय. कधी भरलात?"

मावशी भडभडून ओकली. आणि ती बया त्याचेही फोटो काढत होती. शी!

घरी येऊन मावशीने कपाळ शिकेकाईने घासलं, राखेने घासलं, शेवटी रॉकेलने. रंग गेला. पण कित्येक दिवस घास तोंडाशी नेला की तो कोमटपणा जिभेवर यायचा.

जानेवारीत वाण्याच्या दुकानात मीनलचा फोन आला.

"ताई, तुमचा फोटो जाम गाजतोय! फक्त... रोज दुपारी काचेवर कुणीतरी कुंकू लावून जातं. वॉचमनला कुणी दिसत नाही."

रोज दुपारी.

मावशीने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला आणि कपाळ पुसलं. कारण रोज दुपारी, मशीनवर बसली असताना, तिच्या कपाळावर बोट टेकत होतं...

"तो फोटो काढा हो भिंतीवरून. पाया पडते. जाळून टाका."

"अहो, जाळा काय? विकला गेलाय तो!"

कुणाला, ते सांगत नसतात म्हणे. काका गॅलरीत जाऊन भांडले, हातापाया पडले. पत्ता लागला नाही.

म्हणजे आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात माझी मावशी मेलेली टांगली आहे. लोक तिच्यासमोर बसून चहा पीत असतील.

मी दुपारची तिच्याकडे गेले की ती मध्येच मशीन थांबवते. पदराने कपाळ खसाखसा पुसते. कातडी सोलवटली आहे. मग माझ्याकडे वळते.

"बघ गं... गेलं का?"

कपाळ स्वच्छ दिसतं. मी "हो" म्हणते.

हात लावून मात्र मी अजून पाहिलेलं नाही.