दहावा पत्ता

सकाळी नऊला तिने यादी उघडली आणि चहाचा कप हातातच राहिला. आठ दरवाज्यांना पत्ते मिळाले होते. नवव्याला नाही.

एका मोठ्या संगणकाच्या पोटात तिने नऊ आभासी संगणक उभे केले होते. धरणाच्या नऊ दरवाज्यांची हुबेहूब सोंगं. त्यांचं जाळं त्या पेटीतच सुरू होई आणि तिथेच संपे. बाहेर जाणारी एकही वायर नव्हती. जाळ्यात ओळख म्हणून प्रत्येक संगणकाला एक पत्ता लागे, आणि ते वाटणाऱ्या प्रोग्रामकडे नेमके नऊ पत्ते होते. पत्ता अर्ध्या तासाच्या मुदतीने मिळे. मुदत वाढवून घेतली नाही की परत जमा.

अकराला धरणाचे मुख्य अभियंते चाचणी पाहायला येणार होते. पडद्यावर नऊही दरवाजे उघडले, तर खऱ्या दरवाज्यांचं काम तिच्याकडे. नाहीतर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

नववा पत्ता कुणीतरी घेतला होता. नावाचा रकाना कोरा.

“नऊ करायला गेलीस आणि दहा केलेस,” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याच्या भरभर बोलण्यामुळे सगळे त्याला एक्स्प्रेस म्हणत. “होतं असं. झोप काढ जरा.”

“तूच मोज.”

त्याने मोजले. नऊ. पुन्हा मोजले. मग खुर्ची थोडी मागे घेतली.

तिने ती नोंद पुसली. नवव्याने हात पुढे करण्याआधीच पत्ता परत त्याच कोऱ्या नावाकडे गेला. तिने मुदत एका मिनिटावर आणली. बाकीचे आठ मुदत वाढवताना सेकंदभर मागेपुढे होत. हा बरोबर तिसाव्या सेकंदाला वाढवून घेई.

तिने नऊही आभासी संगणक बंद केले.

यादीत एकच ओळ उरली. तिची मुदत वाढतच होती.

“साडेदहा झाले,” एक्स्प्रेस म्हणाला. पहिल्यांदाच हळू. “पेटीच बदलूया?”

“वेळ नाही. आणि त्याला हवंय काय? पत्ताच ना? देऊन टाकते.”

तिने दहावा पत्ता तयार केला, त्या कोऱ्या नावासाठी राखून ठेवला आणि मुदतीच्या रकान्यात लिहिलं: कायम.

तो लगेच तिकडे सरकला. तिने नऊही संगणक पुन्हा सुरू केले. नऊ दरवाजे, नऊ पत्ते. एक्स्प्रेसने टेबलावर थाप मारली. “जिंकलीस गं बाई!”

अकराला, भरलेल्या खोलीत, पडद्यावरचे दरवाजे एकापाठोपाठ एक वर गेले. नवव्यालाही काही अडलं नाही. “काम तुमचं,” मुख्य अभियंते म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने तिथूनच घरी फोन लावला. “आई, मिळालं!”

अभियंत्यांबरोबर धरणावरचे म्हातारे दरवाजेवाले काका आले होते. ते पत्त्यांची यादी बघत होते.

“मॅडम, दहावा तुम्हाला कुणी सांगितला?”

“दहावा काय, काका?”

“दरवाजा. तो आम्ही भिंत घालून बुजवला. मी नोकरीला लागलो त्या वर्षी. नकाशातूनही काढला.”

टाळ्या चालूच होत्या. पडद्यावर नऊ दरवाज्यांखाली, तिने कधीच न आखलेली एक ओळ उमटली होती. दरवाजा दहा. उघडलेला: एक टक्का.

तिने बंदचं बटण दाबलं.

दोन टक्के.

मुख्य अभियंत्यांच्या खिशात फोन वाजला.

“धरणावरून आहे,” ते हसत म्हणाले. “त्यांनाही आनंदाची बातमी देऊ.”